तीन गाड्यांचा अपघात, चूक कोणाची? पारोळा-एरंडोल रस्त्यावर शिकलेलं

जानेवारीतली रात्र होती. मी धुळ्याहून जळगावला निघालो होतो, शेजारच्या सीटवर मेहुणे. पारोळा सोडलं आणि पुढे अंधारात अचानक कापसाचा डोंगर उभा राहिला. जिनिंगला निघालेली ट्रॅक्टर-ट्रॉली, मागे ना लाल दिवा, ना रिफ्लेक्टर. मी ब्रेक दाबला, गाडी जवळजवळ थांबली. तेवढ्यात केळी उतरवून रिकाम्या परतणाऱ्या ट्रकने मागून ठोकलं आणि आम्ही ट्रॉलीत घुसलो. मेहुण्यांचं खांद्याचं हाड मोडलं, माझ्या तीन बरगड्या.

दुसऱ्या दिवशी फिर्यादीत लिहिलं गेलं : ‘कारचालकाने भरधाव वेगात ट्रॉलीस पाठीमागून धडक दिली.’ ट्रकचा उल्लेख अर्ध्या ओळीत. फिर्याद ट्रॅक्टरवाल्याची, आणि मी दवाखान्यात. ट्रकवाला पंचांसमोर म्हणत होता, “पुढलानी ब्रेक मारा, मन्हा काय गुन्हा?”

त्या अर्ध्या ओळीची पूर्ण ओळ व्हायला मला चार वर्षं लागली. तुमच्यावर अशी वेळ आली तर काय करायचं ते पायरीपायरीने लिहितो. मी वकील नाही. दावा टाकायचा असेल तर वकील लागेलच, पण त्याच्या हातात द्यायला पुरावा तुम्हालाच गोळा करायचा असतो, आणि तोही पहिल्या दोन-तीन दिवसांत.

1. आधी माणसं

रुग्णवाहिकेसाठी 108, पोलिसांसाठी 112, राष्ट्रीय महामार्गावर असाल तर 1033. गाड्यांचे पार्किंग इंडिकेटर चालू करा, लाल त्रिकोण असेल तर बराच मागे नेऊन ठेवा, आणि चालते लोक रस्त्याच्या कडेला, शक्यतो कठड्यापलीकडे उभे करा. मागून येणारी चौथी गाडी हा रात्रीच्या अपघातातला खरा धोका असतो.

जखमीला दवाखान्यात पोचवणं आणि पोलिसांना कळवणं हे मोटार वाहन कायद्याच्या कलम 134 प्रमाणे चालकाचं कर्तव्य आहे. जमावाच्या भीतीने पळालात तर पुढे प्रत्येक ठिकाणी ‘चालक पळून गेला’ हेच वाक्य तुमच्या आधी पोचतं. जमाव अंगावर आला तर सरळ पोलिस ठाणं गाठा आणि तिथे नोंद करा, ते पळून जाणं ठरत नाही.

मे 2025 पासून रस्ता अपघातातल्या जखमींसाठी केंद्राची कॅशलेस उपचार योजना आहे : नोंदणीकृत रुग्णालयात दीड लाख रुपयांपर्यंत, पहिले सात दिवस. दवाखान्याच्या काउंटरवर तिचं नाव घेऊन विचारा. आपणहून कोणी सांगेलच असं नाही.

2. गाड्या हलवण्याआधी मोबाइल काढा

क्रेन आली की अर्धा पुरावा तिच्याबरोबर जातो. तुम्ही जखमी असाल तर बरोबरच्याला सांगा, तोही जखमी असेल तर नातेवाइकाला बोलवा. आमच्याकडे पारोळ्याचा एक चुलतभाऊ वीस मिनिटांत आला आणि त्याने काढलेल्या एकतीस फोटोंवर पुढची सगळी केस उभी राहिली. त्यातले कामाला आलेले कोणते, ते सांगतो.

लांबून काढलेले, ज्यात सगळ्या गाड्या, दुभाजक, किलोमीटरचा दगड किंवा एखादा ढाबा एकत्र दिसतो. जवळचे फोटो सगळेच काढतात, पण गाडी रस्त्यावर नेमकी कुठे थांबली होती हे लांबच्या फोटोतूनच कळतं.

रस्त्यावरचे टायरचे काळे पट्टे, दोन्ही टोकांपासून. शेजारी चप्पल किंवा पाण्याची बाटली ठेवा, म्हणजे लांबीचा अंदाज येतो. नंतर टेपने मोजून लिहून ठेवा. एका दिवसाच्या वाहतुकीत पट्टे पुसट होतात.

काचा, प्लास्टिकचे तुकडे, सांडलेलं ऑइल किंवा कूलंट. धडक ज्या जागी झाली तिथेच पहिला कचरा पडतो, गाडी मात्र पुढे सरकत जाऊन थांबते. या दोन जागांमधलं अंतर म्हणजे ढकललं गेल्याचा हिशोब.

डांबरावर लोखंडाने पडलेली खोक. ती टायरच्या पट्ट्यासारखी पुसली जात नाही. दहा दिवसांनी जाऊन पाहिलं तरी सापडते.

प्रत्येक गाडीची चारही बाजूंनी अवस्था, नंबर प्लेटसकट. ट्रॅक्टर-ट्रॉली असेल तर दोन नंबर टिपा. ट्रॅक्टरची आणि ट्रॉलीची नोंदणी वेगवेगळी असते, विमाही कधी एकाचा असतो आणि दुसऱ्याचा नसतो. मी ट्रॉलीचा नंबर टिपलाच नव्हता. तो शोधण्यात दोन महिने गेले, आणि शेवटी तिला विमाच नाही हे कळलं.

आणि अंधाराचा फोटो. फ्लॅश बंद करून काढा. ट्रॉलीला दिवा नव्हता हे फ्लॅशच्या फोटोत सिद्ध होत नाही, उलट सगळं लख्ख दिसतं.

3. गाड्या मोजू नका, धडका मोजा

हा या लेखाचा गाभा आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

तीन गाड्या एकमेकांत अडकलेल्या दिसल्या की लोक विचारतात, “चूक कोणाची?” या प्रश्नाला उत्तर नसतं, कारण तो एक प्रश्नच नाही. आमच्या अपघातात दोन धडका होत्या : ट्रकची कारला आणि कारची ट्रॉलीला. त्यांचा क्रम काय, यावर सगळं अवलंबून. मी आधी ट्रॉलीला धडकलो आणि मग ट्रक आला, की ट्रकने मला ट्रॉलीवर ढकललं? पहिल्यात ट्रॉलीची धडक माझ्या खात्यात, दुसऱ्यात ट्रकच्या. चार गाड्यांच्या साखळीत तीन धडका असतात आणि प्रत्येकीचा जाब वेगळा.

क्रम कसा ओळखायचा?

पहिली खूण म्हणजे सगळ्यात पुढच्या गाडीतल्याला किती धक्के बसले. एकच धक्का बसला असेल तर मधली गाडी थांबली होती आणि तिला ढकललं गेलं, असं बऱ्याचदा निघतं. थोड्या अंतराने दोन धक्के बसले, तर मधलीने आधी स्वतः ठोकलं आणि मग मागचीने भर घातली. आमच्या ट्रॅक्टरवाल्याने पोलिसांना दिलेल्या जबाबातच लिहिलं होतं, ‘एकदम एक जोराचा धक्का बसला.’ हे वाक्य त्याने माझ्याविरुद्ध दिलेल्या जबाबात होतं, आणि उपयोगी पडलं मला. म्हणून समोरच्याचा जबाब रागाने बाजूला टाकू नका, शब्द न् शब्द वाचा.

दुसरी खूण धडकेच्या उंचीची. जोरात ब्रेक लावला की गाडीचं नाक खाली दबतं. त्यामुळे ब्रेक दाबलेली गाडी पुढच्याला नेहमीपेक्षा खालच्या उंचीवर लागते, आणि ब्रेक न लावता आलेली नेहमीच्या उंचीवर. एकाच गाडीच्या पुढच्या-मागच्या चेपलेल्या भागांची जमिनीपासूनची उंची मोजून ठेवा.

तिसरी, पुढचं नुकसान मोठं की मागचं. मागून ढकलल्या गेलेल्या गाडीची मागची बाजू सहसा जास्त चेपलेली असते. उलट असेल तर त्या चालकाने वेगातच पुढे ठोकलं असण्याची शक्यता वाढते. हा नियम पक्का नाही. पुढे ट्रॉलीचा लोखंडी कोपरा असेल तर हळू धडकेतही बॉनेट फाटतं. माझ्या गाडीचं तसंच झालं होतं, आणि विमा कंपनीच्या सर्व्हेअरने त्याच फाटलेल्या बॉनेटवरून मला ‘भरधाव’ ठरवलं.

चौथी खूण उसन्या रंगाची. एका गाडीचा रंग दुसरीला लागतो. दुचाकी मध्ये सापडली असेल तर तिला आधी कोणी उडवलं हे कधीकधी एवढ्याशा रंगाच्या ओरखड्यावरून ठरतं.

घरी आल्यावर कागदावर आकृती काढा. बाण काढून धडकांना 1, 2, 3 आकडे द्या आणि प्रत्येक आकड्यासमोर ‘हे कशावरून?’ ते लिहा. ज्या आकड्यासमोर काही लिहिता येत नाही, तिथला पुरावा शोधायचा.

4. मग एकेका धडकेला विचारा : कोणाला टाळता आली असती?

अंतराचं गणित आधी. ताशी 80 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 22 मीटर. धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर 33 मीटर तिथेच संपतात. कोरड्या डांबरावर पुढे थांबायला आणखी साधारण 35. म्हणजे एकूण सत्तरच्या आसपास. ताशी 60 असेल तर सुमारे 45 मीटर. भरलेल्या ट्रकला याहून जास्त लागतात. डिपरवर, म्हणजे हेडलाइटचा झोत खाली केलेला असताना, गाडीचा उजेड साधारण 40-50 मीटर पोचतो. म्हणजे रात्री डिपर टाकून 80 ने जाणारा माणूस न दिसणाऱ्या रस्त्यावर गाडी चालवत असतो. हे गणित मला मोटार अपघात न्यायाधिकरणात (नुकसानभरपाईचे दावे चालतात तिथे) समोरच्या वकिलाने शिकवलं, माझीच उलटतपासणी घेताना.

आता ऐकीव समजुती. पहिली, ‘मागून ठोकणारा नेहमी दोषी.’ बहुतेक वेळा असतो, कारण सुरक्षित अंतर ठेवणं त्याचं काम. 2018 च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच धरलं : ट्रकमागे अवघ्या 10-15 फुटांवरून चाललेल्या मोटारीला ‘ट्रकने अचानक ब्रेक मारला’ म्हणून सुटता आलं नाही. पण त्याच वर्षी दुसऱ्या एका प्रकरणात, रस्त्याच्या मधोमध दिवे न लावता उभ्या केलेल्या गॅस टँकरवर मोटार आदळली, तेव्हा दोष टँकरवाल्याचा ठरला. ‘मागून’ हा शब्द दोन्हीकडे होता. फरक पडला तो पुढची गाडी दिसण्यासारखी होती की नाही याने.

कोइम्बतूरच्या एका अपघाताचा जुलै 2025 मधला निकाल तर अनेक गाड्यांच्या अपघातासाठी वाचावाच असा आहे. कार महामार्गावर अचानक थांबली, मागचा दुचाकीस्वार तिच्यावर आदळून पडला आणि मागून आलेली बस त्याच्या पायावरून गेली. सर्वोच्च न्यायालयाने वाटे केले : इशारा न देता थांबलेल्या कारचालकाचा 50 टक्के, बसचा 30 आणि अंतर न ठेवल्याबद्दल दुचाकीस्वाराचा 20. सगळ्यात पुढची गाडी, जिला मागून धक्का लागला, तिचाच वाटा सगळ्यात मोठा.

दुसरी समजूत, ‘मोठी गाडी दोषी.’ ही चौकातली न्यायपद्धत आहे, कायद्यात तसं काही नाही. तिसरी, ‘त्याच्याकडे लायसन्स नव्हतं, म्हणजे चूक त्याचीच.’ लायसन्स नसणं हा वेगळा गुन्हा आहे. त्याने विम्याचा प्रश्न उभा राहतो, पण धडक कशी झाली याचं उत्तर त्यातून मिळत नाही. दुचाकीवर तिघे होते यानेही आपोआप त्यांची चूक ठरत नाही. तिसऱ्या माणसामुळे अपघात घडला हे दाखवावं लागतं.

खान्देशातल्या रस्त्यांवर मी आणखी दोन गोष्टी तपासायला सांगेन. कन्नडच्या घाटात किंवा कोंडाईबारीच्या उतारावर अपघात असेल तर ट्रकचे ब्रेक आधीच तापून गेले होते का. ‘ब्रेक फेल’ म्हटलं की चालक सुटतो असं नाही, देखभाल केली होती हे मालकाला दाखवावं लागतं. आणि रावेर-सावदा-यावलकडच्या रस्त्यावर किंवा कापसाच्या हंगामात कुठेही, माल मागे-बाजूला बाहेर आलेला होता का. मागचा दिवा असतो, पण गंजीखाली झाकलेला असतो. तो नसल्यातच जमा.

5. पोलिस ठाण्यात

फिर्याद एकाने दिली म्हणून गोष्ट एकाचीच राहत नाही. तुमचा जबाब तपासी अंमलदाराकडे स्वतंत्र नोंदवून घ्या. दवाखान्यात असाल तर तिथे येऊन घ्यावा असा लेखी अर्ज घरच्यांकरवी द्या आणि पोच घ्या. आता गुन्हे भारतीय न्याय संहितेखाली नोंदले जातात : बेदरकार चालवण्याला कलम 281, दुखापतीला 125, मृत्यू झाला असेल तर 106. माझा गुन्हा जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम 279 चा होता.

घटनास्थळ पंचनामा होताना तिथे हजर राहता आलं तर राहा, किंवा घरचं कोणी पाठवा. नकाशात बघायच्या गोष्टी : धडकेची जागा दाखवली आहे का, की फक्त गाड्या थांबलेल्या जागा? उत्तर दिशा आहे का? पट्ट्यांची लांबी लिहिली आहे का? सकाळी, गाड्या हलवल्यानंतर केलेल्या पंचनाम्यात रात्रीचं चित्र येत नाही. अशा वेळी तुमचे फोटो अर्जासोबत दाखल करा. न वाचता कुठेही सही करू नका. ‘नंतर भरून घेतो’ म्हणून कोऱ्या कागदावर तर नाहीच.

आरटीओच्या मोटार वाहन निरीक्षकाने तिन्ही गाड्यांची तपासणी केली का ते विचारा. ती होण्याआधी गाडी गॅरेजला नेऊ नका. ब्रेक, दिवे, टायर यांच्याबद्दल त्याचा अहवाल हा एकमेव तटस्थ कागद असतो. आमच्या वेळी ट्रॉलीची तपासणी झालीच नाही, कापूस खाली करायला म्हणून ती नेली आणि परत आली ती नवे रिफ्लेक्टर लावून! तो चुलतभावाचा बिनफ्लॅशचा फोटो नसता तर मी हरलो होतो.

एप्रिल 2022 पासूनच्या नियमांप्रमाणे पोलिसांनी पहिला अपघात अहवाल 48 तासांत आणि सविस्तर अहवाल 90 दिवसांत न्यायाधिकरणाकडे द्यायचा असतो. तो गेला का, याची चौकशी करत राहा.

सीसीटीव्हीसाठी मात्र पोलिसांची वाट पाहू नका. पेट्रोल पंप, ढाबे, टोलनाका यांचं रेकॉर्डिंग काही दिवसांत पुसून त्यावर नवं चढतं. मी नवव्या दिवशी गेलो, पंपावर सात दिवसांचंच शिल्लक होतं. दुसऱ्याच दिवशी मालकाला ‘रेकॉर्डिंग जपून ठेवा’ असं लेखी द्या आणि त्याची प्रत पोलिसांना. चित्रीकरण मिळालं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र त्याच्यासोबत लागतं, ते आत्ताच घ्या. दोन वर्षांनी तो मॅनेजर तिथे नसतो. टोलनाक्यांवरच्या फास्टॅगच्या वेळांवरून ट्रकचा सरासरी वेग काढता येतो, हेही वकिलाला सुचवा.

6. जमवायची कागदपत्रं

- प्रथम खबर, घटनास्थळ पंचनामा आणि नकाशा
- पोलिसांचा फॉर्म कॉम्प ए.ए. (सगळ्या गाड्या, मालक आणि विमा यांची माहिती एकाच ठिकाणी मिळते)
- सर्व चालकांचे, साक्षीदारांचे जबाब, दोषारोपपत्राची प्रत
- निरीक्षकाचा वाहन तपासणी अहवाल, प्रत्येक गाडीचा वेगळा
- प्रत्येक गाडीचं आरसी, विमा, फिटनेस, चालकाचं लायसन्स. नंबर एम-परिवहन ॲपवर टाकला की विम्याची मुदत दिसते
- दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड, एमएलसी (पोलिस केस म्हणून दवाखान्याने केलेली नोंद), बिलं, एक्स-रे, अपंगत्वाचा दाखला
- उत्पन्नाचा पुरावा. शेती असेल तर सातबारा आणि मार्केट कमिटीच्या पट्ट्या

फोटो पेनड्राइव्हवर काढा, पण मूळ मोबाइल विकू नका.

7. वाटे कसे पडतात

इथे दोन शब्द वेगळे ओळखा. दोन-तीन चालकांच्या चुकीने तिसऱ्याच माणसाला इजा झाली, तर तो संयुक्त निष्काळजीपणा. इजा झालेल्याची स्वतःचीही चूक असेल, तर सहभागी निष्काळजीपणा.

समजा नुकसान 10 लाखांचं आणि वाटे ट्रॉली 50, ट्रक 40, कार 10. शेजारी बसलेल्या मेहुण्यांची काहीच चूक नाही. त्यांना पूर्ण 10 लाख तिघांपैकी कोणा एकाकडून वसूल करता येतात, सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये हे स्पष्ट केलं आहे. मग त्या एकाने उरलेल्यांकडून घ्यावं, ती त्यांची आपसातली भानगड. आमच्या बिनविम्याच्या ट्रॉलीचं मेहुण्यांना म्हणूनच काही वाटलं नाही, ट्रकच्या विमा कंपनीने भरलं. पण मी चालक, माझ्यासारख्याचं नुकसान 10 लाखांचं असेल तर माझे 10 टक्के वजा होऊन 9 लाखच. हो, माझ्यावरही वाटा आला, डिपर आणि वेगापायी. घरी कोणाला पटलं नाही, मला पटलं.

तरीही दाव्यात सगळ्या चालकांना, मालकांना आणि विमा कंपन्यांना सामील करा. एकालाच ओढलं आणि न्यायाधिकरणाने त्याची चूकच नाही म्हटलं, तर हात हलवत परत.

फौजदारी खटल्यात सुटला म्हणून तो इथेही सुटतो असं नसतं, आणि दोषारोपपत्र तुमच्यावर आहे म्हणून दावा बुडतो असंही नाही. तिथे संशयापलीकडचा पुरावा लागतो, इथे कोणती गोष्ट जास्त संभवते एवढंच पाहतात.

8. मुदत आणि ‘मिटवून टाका’

मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 खालचा नुकसानभरपाईचा दावा अपघातापासून सहा महिन्यांत टाकायचा असतो. या मुदतीला न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्याच्या भरवशावर बसू नका. अपघात जिथे झाला तिथे, तुम्ही राहता तिथे किंवा समोरचा राहतो तिथे, तिन्हींपैकी कुठल्याही ठिकाणच्या न्यायाधिकरणात तो चालतो. म्हणजे अपघात नवापूरजवळ आणि घर जळगावला असेल तर नंदुरबारच्या चकरा मारायची गरज नाही. चूक सिद्ध करायची तयारीच नसेल तर कलम 164 आहे : मृत्यूला 5 लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख, चुकीचा प्रश्न न विचारता. ते घेतलं की 166 चा दावा करता येत नाही, म्हणून आधी हिशोब करा.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी ओळखीतलं कोणीतरी घरी येतंच. चहा होतो, मग खिशातून स्टॅम्प पेपर निघतो. आमच्याकडे आला त्यावर लिहिलं होतं, ‘अपघात कोणाच्याही चुकीने न होता दैवयोगाने झाला असून आमची कोणाविरुद्ध तक्रार नाही.’ ट्रकमालक गाडीच्या दुरुस्तीचे वीस हजार द्यायला तयार होता. मेहुणे तेव्हा खांद्याला पट्टा बांधून डाव्या हाताने सही करायला निघाले होते. बहिणीने पेन काढून घेतलं.